गाण्यातली बाई

कुंकवाचं ताट विमलताईंसमोर आलं, घुटमळलं आणि पुढच्या बाईकडे सरकलं.

बोरी अरब गावच्या त्या मांडवात वरपक्षाच्या बायका ओळीनं बसल्या होत्या. नवरीची काकू शोभा एकेकीला हळदकुंकू लावत होती. विमलताई नवरदेवाच्या सख्ख्या मावशी, मानाच्या रांगेत बसलेल्या. त्यांना वाटलं, चुकून राहिलं असेल. मग मागून कुजबुज आली.

"तेच बाई हाये ना हे, गाण्यातली? नवरा गेला बिचारीचा."

"मंग कपाळावर हे रुपयाएवढं कायले?"

ते गाणं मांडवाबाहेर वाजतच होतं. कापूस पिकवणाऱ्यांच्या दुःखाचं म्हणे. पण ठेका असा, की नवरदेवाचे मित्र बेभान नाचत होते. त्या वर्षी टीव्हीवर तेच, पोरांच्या मोबाइलमध्ये तेच. पूर्वी मांडवात बायाच गाणी म्हणत. विहिणीला चिमटे काढत, व्याह्याची टोपी उडवत. पण जिवंत माणसाला कोणी मारत नसे.

गेल्या वेचणीच्या वेळी तो गायक, स्वानंद, कॅमेरेवाल्यांना घेऊन विमलताईंच्या वावरात आला होता. ताई, कुंकू पुसून बसा, गाण्यातल्या बाईचा नवरा गेलेला आहे, असं त्यानं फार गोड बोलून सांगितलं. विमलताईंनी त्याला असा झाडला, की तो हात जोडून म्हणाला, बरं, नुसता कापूस वेचा. पुढे ऊन चढलं. विमलताईंनी हौदावर तोंड धुतलं, पदरानं खसखसून पुसलं, त्यात कुंकूही गेलं. नेमकं तेवढंच त्या पठ्ठ्यांनी टिपलं. आणि त्या वेळी गायकाला ऊन लागू नये म्हणून त्याच्या डोक्यावर छत्री धरून कोण उभं होतं? विमलताईंचे यजमान, विठ्ठलराव. गाण्यात मेलेले.

टीव्हीवर गाणं लागलं तेव्हा विमलताई भरल्या ताटावरून उठल्या. विठ्ठलराव मात्र हसले. मले मारलं तर मारू दे, म्हणाले, कपाशी तर नाही ना मारली. आताही ते पलीकडे पुरुषांच्या पंगतीत मन लावून वरणभात कालवत होते.

विमलताई उठल्या तशी शोभा जवळ आली, हळूच म्हणाली, "राग नका धरू मावशी. आमच्याकडे तसं चालत नाही."

आहेराची नावं पुकारायला माईक ठेवला होता, तिकडे विमलताई सरळ चालत गेल्या आणि माईक उचलला. जन्मभर नवऱ्याचं नाव घेतलं ते उखाण्यातच. तेही चार जणींनी आग्रह केल्यावर, पदर तोंडाशी धरून. आज त्या यमक शोधायला थांबल्या नाहीत.

"विठ्ठलराव," मांडवभर आवाज गेला. "जरा उभे राहा. लोकाईले दिसू द्या."

पंगत जेवायची थांबली. विठ्ठलराव गोंधळून उठले. हातावरून वरणाचा ओघळ कोपरापर्यंत आला होता. बायकांची अख्खी रांग माना वळवून पाहू लागली. कोणीतरी फिसकन हसलंही. शोभा ताट घेऊन धावत आली, चुकलं चुकलं म्हणत तिनं कुंकवाची चिमूट पुढे केली.

विमलताईंनी तिचा हात हवेतच धरला.

"पहिले थे गाणं बंद करा."

बाहेरच्या त्या भोंग्यांपुढे आवाज पोचला नाही. पोरं नाचतच राहिली. विठ्ठलराव खरकटा हात पुढे धरून तसेच उभे होते. खाली बसा, असं विमलताई काही म्हणत नव्हत्या.