इक्राचा तिसरा प्रश्न

लॅपटॉपच्या पडद्यावर अमेरिकेतल्या एका मोठ्या कॉलेजचे कोच हसत होते आणि इकडे आखातात, उम्म अल हस्समच्या फ्लॅटमध्ये शब्बीरही हसत होता. एसी कंपनीच्या स्टोअरमधून तो आज दुपारीच लीव्ह टाकून आला होता. शेजारी त्याची मुलगी इक्रा ताठ बसली होती. तिच्या शाळेत तिच्याएवढा लांब भाला फेकणारं कुणी नव्हतं, मुलगेसुद्धा नाहीत.

"अठ्ठेचाळीस मीटर फेकणारी मुलगी आम्हाला हवीच आहे," कोच इंग्रजीत म्हणाले. "मोठं स्टेडियम, मोठ्या स्पर्धा. तू फक्त आज होकार दे."

"यल्ला, चल, हो म्हण," शब्बीर हळूच पुटपुटला.

इक्राने वही उघडली. "सर, मला तीन प्रश्न विचारायचेत."

शब्बीरचं हसू जरा आखडलं. तिथल्याच एका छोट्या कॉलेजचंही तिला बोलावणं होतं, पण त्या टीमचं नाव त्याच्या ऑफिसात कुणी ऐकलं नव्हतं. त्याच्या मते विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"मला सिव्हिल इंजिनिअरिंग करायचंय. त्याच्या लॅब दुपारी असतात आणि तुमची प्रॅक्टिसही दुपारीच. मग मी काय करायचं?"

"आमच्या मुली बहुतेक स्पोर्ट्स मॅनेजमेंट घेतात. ते प्रॅक्टिसशी छान जमतं. इंजिनिअरिंगचं पुढच्या वर्षी बघू."

"तुमच्याकडे भाला फेकणाऱ्या कुणी आतापर्यंत इंजिनिअरिंग घेतलंय?"

"घेतलं होतं एकीने. पण दुसऱ्या वर्षी तिचा खांदा गेला. टीम सुटली."

"मग तिसरा प्रश्न. मला तिच्याशी बोलायला मिळेल?"

"मी तुला आमच्या कॅप्टनचा नंबर देतो. ती तुला सगळं..."

"कॅप्टन नको, सर. जिचा खांदा गेला ती."

टेबलाखालून शब्बीरने तिचा पाय दाबला. तिने पाय मागे घेतला नाही आणि मानही वळवली नाही.

"तिचा नंबर शोधावा लागेल," कोच म्हणाले. मग त्यांनी कपाळ चोळलं. "खरं सांगू? ती आता कुठे असते, मला माहीत नाही."

इक्राने वही मिटली. "तुम्ही खरं सांगितलंत, थँक यू, सर. पण मी येणार नाही."

"नीट विचार कर. एखाद्या छोट्या टीममध्ये तुझा भाला कुणाला दिसणारही नाही."

"चालेल, सर."

पडदा काळा झाला. शब्बीर खुर्ची सरकवून उठला.

"काय केलंस गो हे? पाच वर्षं पहाटे उठून तुला मैदानावर नेतोय. ऑफिसात आज पेढेसुद्धा सांगून ठेवलेत मी. एवढं मोठं नाव आणि तू तोंडावर नाही म्हणतेस?"

"आय नो, अब्बा. पण माझाही खांदा जाऊ शकतो. मग त्यांच्याकडे मी कोण?"

"असलं तोंडातून काढू नकोस," स्वयंपाकघराच्या दारातून इशरत म्हणाली. कॉलमधलं इंग्रजी तिला फारसं कळलं नव्हतं, पण हे कळलं.

"काढायलाच हवं, अम्मी." इक्रा घोटभर पाणी प्यायली आणि पुन्हा बोलली, "मला भाला फेकायचाय. पन्नासच्या पुढे फेकायचाय. आणि पूल कसे उभे राहतात तेही शिकायचंय. एकासाठी दुसरं सोडणार नाही मी. खलास."

शब्बीर खिडकीपर्यंत गेला आणि परत आला.

"त्या दुसऱ्या कॉलेजला विचारलंस काय हे?"

"विचारलं. कोच मॅडमनी लगेच एक नंबर दिला. नोरा नाव तिचं. कोपर दुखावलं म्हणून दोन वर्षं तिने भाला हातात घेतलेला नाही. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे."

"लाव फोन. मी बोलतो."

"अब्बा, तिथे आत्ता सकाळ..."

"लाव म्हणतो ना."

दुसऱ्या रिंगला नोराने फोन घेतला. शब्बीरचं इंग्रजी स्टोअरमधलं होतं. ट्रकवाल्यांशी बोलायची सवय, म्हणून तो एकेक शब्द सुटा आणि मोठ्याने बोलत होता.

"मी इक्राचा फादर. दुपारी लॅब असेल, तर प्रॅक्टिस किती वाजता?"

"सकाळी सहाला," नोरा म्हणाली. "माझ्या वेळी लॅबवाली मी एकटीच होते. कोच माझ्या एकटीसाठी मैदान उघडायच्या."

"आणि कोपर गेलं, मग?"

"मग मीच जायची बंद झाले. रडत बसायचे खोलीत." पलीकडे ती थोडी हसली. "आठवड्याने कोच दारात आल्या. म्हणाल्या, फेकता येत नाही तर अंतर मोजायला ये, पण सहाला ये. आता लॅबवाल्या चौघी आहेत. मी रोज टेप धरते."

शब्बीर फोन हातात धरून उभा राहिला. "थँक यू, बेटा," एवढंच म्हणून त्याने फोन इक्राकडे दिला.

इशरत ओढणीला हात पुसत पुढे आली. "काय म्हणली ती?"

"सकाळी सहाला बोलावलंय," शब्बीर खाली बसत म्हणाला. "तिथल्या थंडीसाठी हिला जाड स्वेटर बघायला हवा. इथे मिळेल काय गो तसला?"