मोर्चातले लोक

सासरे गेल्यापासून माझ्या सासूबाई सिनेमात गर्दीतली कामं करतात. परवा त्यांचा नवा विनोदी सिनेमा आम्ही तिघांनी थिएटरात पाहिला. साठीतल्या विधवेनं पुन्हा लग्न करावं की नाही, यावरून त्यात अख्खी कॉलनी एकमेकांच्या उरावर बसते. सासूबाई विरोधकांच्या मोर्चात सगळ्यात पुढे होत्या, मुठी उगारून, घसा फाटेस्तोवर ओरडत, "लोक काय म्हणतील?" नवरा हसून हसून खुर्चीतून पडायचा बाकी होता.

"काय एकेक बुरसटलेली माणसं दाखवलीत," बाहेर पडताना तो डोळे पुसत म्हणाला.

"बरं झालं, तूच बोललास," सासूबाई म्हणाल्या. "मोर्चात माझ्या शेजारी ते मिशीवाले ओरडत होते ना, आम्ही दोघं सोमवारी लग्न करतोय."

त्याचं हसू जागच्या जागी विरलं. "आई, अगं, या वयात? लोक काय म्हणतील?"



"ते मीच ओरडत होते, राजा. दिग्दर्शकानं 'कट' म्हटलं आणि सगळे लोक जेवायला गेले."