चमकलेल्या पेशी

मृणालिनीने काढ्याचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली हृदयाच्या पेशी हिरव्यागार चमकल्या. पेशीत कॅल्शियम वाढलं की तिच्यात भरलेला रंग चमकतो, आणि हृदय जोमाने धडधडतं तेही कॅल्शियमवरच. काढा हृदयाला बळ देतो, हे उद्यापर्यंत सिद्ध झालं नाही तर पीएचडी गेली.

तिने आपले मार्गदर्शक काळसेकर सर यांना ओढतच आणलं. सरांनी बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"दर ठोक्याला चमक विझायला हवी, ही विझतच नाहीये गं. पेशी मेली की कॅल्शियम असंच भसाभसा आत शिरतं. सगळ्या गेल्या."

"म्हणजे पाच वर्षं पाण्यात, सर."

"पेशी उंदराच्याच ना?"

"हो."

"मग शीर्षक बदल. उंदीर मारण्याचं औषध. फोटो तेच चालतील."