पंखाचा कणा

बाबांनी घरीच बांधलेलं विमान आई गेल्यापासून बारा वर्षं आम्ही शेडमध्ये झाकून ठेवलं होतं. पुढच्या वर्षी त्यांचा वैमानिकाचा परवाना संपणार होता. त्याआधी त्यांना ते एकदा उडवायचं होतं. तपासायला आलेल्या मेकॅनिकने पंखाच्या सांगाड्यावर ताणून बसवलेलं कापड कापून आतल्या लाकडी कण्यावर दाभण टेकवलं. ते भिजलेल्या पावात शिरावं तसं मुठीपर्यंत आत गेलं. “काका, कुजलंय सगळं. हे आता उडत नाही.” त्याने पंखाची खालची कड चाचपली. “पाणी निथळायची भोकं मेणाने कुणी बुजवली? ओल आतच कोंडली.” “मी,” मी म्हणाले. “झाकायच्या आधी. किडे शिरू नयेत म्हणून.” बाबांनी चष्मा काढून फटीतून आत बराच वेळ पाहिलं. “तरीच,” ते म्हणाले, “एक मुंगीसुद्धा शिरली नाही गं.” मेकॅनिकला हसू आलं. बाबा कापलेल्या कापडाच्या कडा बोटांनी पुन्हापुन्हा जुळवत राहिले.