नावाड्याची साक्ष

नदी भरून वाहताना दिसली तेव्हा नावाडी आधी हसला आणि मग त्याला स्वतःचीच लाज वाटली. कालपर्यंत तिथे नुसते दगड होते. वरच्या अंगाला खासगी कंपनीने धरण बांधलं त्याला दोन वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून खाली कोरडं पात्र उरलं होतं. आज तपासणीला सरकारी साहेब येणार, म्हणून कंपनीने पहाटेच दारं उघडली होती. एवढं न कळायला तो काही कुक्कुलं बाळ नव्हता. तरी पाणी बघून हसू आलं, त्याला तो काय करणार?

लेक मात्र फाईल छातीशी धरून, तोंड एवढंसं करून काठावर उभी होती. अर्ज करकरून तिने ही तपासणी ओढून आणली होती. साहेबांना बुटाचा तळसुद्धा न भिजवता नदी ओलांडायला लावायची, असा तिचा बेत होता. नदीला पाणी राहत नाही असं त्यांनी अहवालात लिहिलं, तर कंपनीला बारा महिने खाली पाणी सोडावं लागणार होतं. नाही लिहिलं, तर विषय संपला.

धरणावरून गावात उभी फूट पडली होती. न्हाव्याचा मुलगा धरणावर नोकरीला, म्हणून न्हावी धरणाच्या बाजूचा, आणि विरोधातली मंडळी त्याच्या दुकानाची पायरी चढेनात, त्यामुळे निम्मं गाव दाढी वाढवून होतं. नदीकाठी भाजीचा मळा असलेल्या मावशींची विहीर आटली होती. आज सगळ्यांच्या आधी त्याच येऊन बसल्या होत्या.

दहाला जीप आली, साहेबांबरोबर कंपनीचा एक माणूसही उतरला. साहेब वयस्कर होते, बोलायला साधे. त्यांना पलीकडचा काठही बघायचा होता आणि पूल बराच लांब होता. नाव मिळेल का, असं त्यांनी विचारलं. न्हावी लगेच म्हणाला, मिळेल की. नाव होतीच. लाकूड सुकलं की फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात, म्हणून नावाडी रोज हापशावरून दोन बादल्या आणून तिच्यावर ओतायचा. लोक हसायचे. प्यायला पाणी नाही आणि तुमचं हे काय, म्हणून लेक रागवायची.

आता तिनेच त्याला बाजूला घेतलं. "नावेत चारच माणसं मावतात बाबा. तिथे मध्ये बोलायला कुणी नसेल. तुम्ही सांगा साहेबांना. माझं सगळं कागदावर आहे, पण तुमचं त्यांना पटेल."

तो बरं म्हणाला. काय बोलायचं ते त्याने मनाशी दोनदा घोकलंही.

साहेब मधल्या फळीवर बसले, कंपनीचा माणूस त्यांच्या शेजारी, लेक पुढच्या टोकाला. वल्हं पाण्यात शिरलं आणि नावाड्याचे हात आपोआप चालू लागले. दोन वर्षं दुखणारा खांदा आज दुखेना. त्याला आनंद झाला होता आणि तो लेकीला दिसू नये म्हणून तो खाली बघत होता. भर प्रवाहात नाव जराशी कलली. साहेबांनी दोन्ही हातांनी कड घट्ट धरली. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"एवढं पाणी नेहमी असतं का हो?"

"रोजचंच आहे साहेब," नावाडी म्हणाला. "निवांत बसा."

तीस वर्षं तो हेच म्हणत आला होता. दिवस भरत आलेल्या बाया, शाळेची मुलं, पोहता न येणारे धडधाकट पुरुष, नाव मध्यावर आली की सगळे हेच विचारायचे आणि तो हेच सांगायचा. त्याचे वडीलही हेच सांगायचे. घाबरलेला माणूस उठून उभा राहिला की नाव उलटते. उतारूला कधी पाण्याचं भय घालायचं नाही, हे त्याला वल्हं हातात द्यायच्या आधी शिकवलं होतं.

शब्द तोंडातून गेल्यावर त्याने लेकीकडे पाहिलं. तिने मान वळवली नव्हती, पण तिची पाठ ताठ झाली होती.

"नाही म्हणजे साहेब, ते मी आपलं..."

"घाबरू नका काका," कंपनीचा माणूस म्हणाला. "खरं तेच बोललात."

मग लेक वळून बोलू लागली. कालचे फोटो, आटलेल्या विहिरी, सगळं तिने भराभरा सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. अर्ज वाचलाय म्हणाले, पण मला नदीवरच्या माणसाचं ऐकायचं होतं. काठाला लागल्यावर त्यांनी आधी वही काढली. नावाडी पुन्हा त्यांच्याजवळ गेला. ही नाव दोन वर्षं पाण्यात गेलेली नाही, असं काकुळतीने सांगू लागला. साहेबांनी नावेकडे पाहिलं. सांधे घट्ट होते, आत थेंब नव्हता. लेकीसाठी बाप बोलतोच, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी मायेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि लिहीत राहिले.

जीप पुलावरून फिरून त्यांना न्यायला आली. ती गेली तसं पाणी झपाट्याने उतरू लागलं. परत येताना नाव मध्यावरच दगडांना टेकली. बापलेक खाली उतरले आणि उरलेली नदी चालत आले. ओल्या, निसरड्या दगडांवर लेकीने त्याचा हात धरला आणि काठापर्यंत सोडला नाही. त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत होतं.

काठावर माणसं वाट बघत थांबली होती. मावशी पुढे आल्या आणि साहेबांनी पाण्याचं विचारलं का, म्हणाल्या. लेक काहीतरी सांगायला गेली, पण तिच्या आधी तोच बोलला.

"विचारलं. मला विचारलं."

मावशींनी सुटकेचा निःश्वास टाकला. "मग झालं तर," त्या म्हणाल्या, आणि मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "अहो, यांनाच विचारलं. आता काळजी नाही."