मान्य असेल त्यांनी बसून राहावं

माग्नहिलने तोरुनला आधीच बजावलं होतं. "तुझ्या मताची गरज नाही तोवर सगळे तुला कॉफी पाजतील. ज्या दिवशी गरज पडेल, त्या दिवशी तुला कोणी घरी सोडणार नाही." माग्नहिल म्हणजे बेटाच्या सभेत निवडून गेलेली पहिली बाई. आता थकून घरी बसली होती. तोरुनने तेव्हा ते हसण्यावारी नेलं. उमेदवारांची यादी पुरी करायला शेवटी टाकलेलं नाव आपलं, आपल्या मतावाचून कोणाचं काय अडणार आहे.

आज अडलं होतं.

दवाखान्यातली बाळंतपणाची खोली चालू ठेवायची की बंद करायची, एवढाच विषय होता. बंद झाली तर कळा सुरू झालेल्या बाईला बोटीत घालून पलीकडे न्यायचं, तेही समुद्राच्या मनात असेल तर. सकाळीच डोकी मोजून झाली होती. खोली वाचली तर एका मताने वाचणार होती. तोरुनचा नवरा कॉड मासळीच्या मोसमाला समुद्रावर गेलेला. तिच्या जागी बसू शकणारी बदली सदस्य वाऱ्यामुळे पलीकडच्या धक्क्यावर अडकलेली. बाळ झाल्यावर तोरुनने सुटकेचा अर्ज केला होता, पण निवडून आलेल्याला सभेनेच सोडावं लागतं, आणि सभेने एकमताने, अगदी प्रेमाने, नाही म्हटलं होतं.

म्हणून ती आली होती, बाळाला, आयलिफला घेऊन. इथली सगळीच बाळं भर थंडीतही दुपारची झोप उघड्यावर काढतात. तिनेही त्याला लोकरीत गुंडाळून बाळगाडी खिडकीबाहेर, भिंतीच्या आडोशाला लावली, आणि खिडकीसमोरची खुर्ची धरली. भाषणं झाली. तिचं सगळं लक्ष त्या गाडीच्या निळ्या टपाकडे.

अध्यक्ष आर्नफिनने हातोडा आपटला. "खोली चालू ठेवावी असा ठराव आहे. मान्य असेल त्यांनी बसून राहावं, नसेल त्यांनी उभं राहावं."

खुर्च्या सरकल्या. समोरची रांग उभी राहिली आणि खिडकी दिसेनाशी झाली. तिच्या जागी नुसते स्वेटर.

तेवढ्यात रडणं ऐकू आलं. काचेपलीकडून, बारीक. वारा फिरला होता, बर्फ आता या बाजूने काचेवर येत होता. आडोसा राहिलाच नव्हता.

तोरुनने हात वर करून विचारलं, मिनिटभर बाहेर जाऊन येऊ का. आर्नफिन माणूस वाईट नव्हता. तिच्या लग्नात त्यानेच अकॉर्डियन वाजवलं होतं. ओशाळून तो म्हणाला, मतदान सुरू झालं की मोजणी होईपर्यंत सदस्याने जागा सोडायची नाही, उठला तो विरोधात धरला जातो. आत्ता होईलच म्हणा.

"उठ ना तोरुन," मासळी कारखान्याचा ब्यार्ने उभ्या रांगेतून म्हणाला. "उठलीस की मत आमचं, बाळ तुझं. तुला अडवलंय कोणी?"

दोघंतिघं हसले. त्यातला एक तिच्याच बाजूचा, बसलेला.

तिने खुर्चीच्या कडा धरल्या. आयलिफ त्याच खोलीत जन्मला होता, बोट सुटू शकली नाही अशा दिवशी.

आर्नफिन बोट दाखवत मोजत गेला आणि म्हाताऱ्या हाल्वदानपाशी अडला. हाल्वदान टेबल धरून अर्धवट उठला होता, ना धड उभा, ना धड बसलेला. उठताय की बसताय, असं विचारल्यावर तो भडकला. मत त्याचं ठरलेलं होतं, गुडघ्याचं ठरत नव्हतं. कोणी म्हणालं, अर्धा उठला म्हणजे उठलाच. दुसऱ्याने विचारलं, मग अर्धा बसला तो बसलाच का नाही. वाद जुंपला. बाहेर रडण्याला आता खोकल्याचा ठसका लागत होता.

तोरुन त्या गुडघ्याकडे बघत राहिली. तो टेकला तर तिकडचं एक मत कमी होऊन इकडे वाढणार होतं, मग ती उठली तरी खोली वाचणार होती. आयुष्यात तिने कोणाच्या गुडघ्यासाठी देवाला हाक मारली नव्हती. आत्ता मारली. हाल्वदान कण्हला, थोडा खाली गेला. ब्यार्नेने पुढे होऊन त्याच्या काखेत हात घातला आणि त्याला सरळ उभा केला.

आकडा हुकला म्हणून आर्नफिनने पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. सगळे आहात तसेच राहा, तो म्हणाला.

तोरुनच्या लक्षात आलं, रडणं थांबलंय.

कधी थांबलं, ते वादात ऐकूच आलं नव्हतं. झोपला असेल. बाळं रडून दमतात आणि झोपतात. तिने डावीकडे वाकून पाहिलं, उजवीकडे वाकून पाहिलं. ब्यार्नेच्या कोपराखालून काच दिसली, पांढरी झालेली.

दाराशी, सभा ऐकायला आलेल्यांमध्ये, तुम्ही उभे होतात. तुम्हाला कोणी मोजत नव्हतं. तिने खुर्ची न सोडता मान वळवली आणि थेट तुमच्याकडे पाहिलं.

"तुम्हाला जाता येतं ना," ती हळूच म्हणाली. "जरा बाहेर जाऊन बघता का त्याला? टप वर करा. टोपी डोळ्यांवर आली असेल ती सारा. आणि नाकाशी बोट धरून बघा. मी इथेच बसलेय."