धोंड्याखालची वाट

तारेची जाळी बसवण्याआधी कड्यावरचे सैल दगड पाडायचं काम ज्योतिबाकडे होतं. खाली उरणपलीकडच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर त्याची बायको राजाबाई लाल झेंडा घेऊन गाड्या अडवायची. दोराला लटकून त्याने एका धोंड्याखाली पहार घातली, धोंडा हलला आणि तेवढ्यात ॲम्ब्युलन्स आली. “अवो, धरून ठेवा! बाई बाळंतपणात अडलीया!” राजाबाई ओरडली. ज्योतिबाने पहार धोंड्यापुढे रोवली आणि अंगाचा रेटा देऊन तो थोपवला. ड्रायव्हर धोंडा बघून पुढे येईना. “वर माझा नवरा हाय, चला,” म्हणत राजाबाई कड्याच्या बाजूने गाडीबरोबर चालू लागली. ती धोंड्याखाली येताच पहार इंचभर सरकली, ज्योतिबाने सगळा भार पहारेवर टाकला. “सोडा!” गाडी पार होताच पलीकडून राजाबाईची हाक आली. धोंडा धाडकन रस्त्यावर आदळला. खाली आल्यावरही त्याची मूठ पहारेवरून सुटेना. एकेक बोट सोडवताना राजाबाईचेच हात कापायला लागले.